विमानाची ओटी

इंजिन तापलं की लोक पाणी शोधतात. नळदुर्गच्या रस्त्यावर बोनेट उघडून उभा असलेला ट्रकवाला पाहा, त्याच्या हातात डबडं असणारच. मी आयुष्याची चांगली वर्षं ज्या इंजिनांपाशी घालवली त्यांना पाण्याचा थेंब लागत नव्हता. लहान विमानाचं इंजिन हवेवर थंड होतं. हवा समोरून आत शिरते, सिलिंडरांच्या अंगाला घासून जाते आणि पोटाखालून बाहेर पडते. ती वाट मोकळी ठेवायची, एवढंच माझं काम. हे सोपं आहे असं म्हणणाऱ्याला मी वैशाखात भर बारा वाजता धाराशिवच्या माळावर उभा करीन आणि मग पुन्हा विचारीन.

हे काम मी हैदराबादेत शिकलो, निजामाचं राज्य होतं तेव्हा. आमचे उस्ताद म्हातारे होते, तोंडात कायम पान. ते म्हणायचे, "हवा देव मियाँ, दवा नक्को." इंजिन बिघडल्यावर औषधपाणी करत बसण्यापेक्षा आधीच त्याला वारा मिळू द्या, असा त्याचा अर्थ. पुढं राज्य गेलं, विलीनीकरण झालं, विमानतळावरची आमची माणसं पांगली. मी पाने आणि हातोड्या पेटीत भरून आपल्या जिल्ह्यात परत आलो आणि पिठाच्या गिरण्या, विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करत फिरलो. साठ साल उलटल्यावर पिकांवर विमानातून औषध फवारायची टूम आली. तेरणेच्या काठच्या उसावर पाकोळी नावाची कीड पडायची, पानं काळी पडायची. एका फवारणी कंपनीनं एक जुनं विमान, एक वैमानिक आणि कुठून तरी माझा पत्ता काढून मला, असे तिघं तेरच्या रस्त्याला एका मुरमाड माळावर आणून टाकले.

विमान दोन माणसांचं होतं. मागच्या माणसाची जागा काढून तिथं औषधाची टाकी बसवलेली. पुढं पंखा, आणि पंख्याच्या दोन्ही बाजूंना दोन भोकं, नाकपुड्यांसारखी. हवा तिथून आत जायची. आत चार सिलिंडर, दोन उजवीकडं, दोन डावीकडं, आणि प्रत्येकाच्या अंगावर पातळ पाकळ्यांचे थर. त्या पाकळ्यांमधून हवा गेली तर सिलिंडर जगणार. हवेनं पळवाट काढू नये म्हणून भोवती पत्र्याचे आडोसे असतात, त्यांच्या कडांना चामड्याच्या पट्ट्या. पट्टी बोटभर जरी वाकली तरी हवा त्या फटीतून निसटते आणि मागचा सिलिंडर उपाशी राहतो.

फवारणीचं औषध चिकट. त्यावर आमच्या माळाची धूळ बसली की पाकळ्यांमध्ये खरपुडी धरायची. लोखंडानं खरवडलं तर पाकळी मोडते, म्हणून मी तुराटीच्या काड्या तासून ठेवायचो आणि रॉकेलात बुडवून एकेक फट साफ करायचो. रोज. विमानाच्या नळ्यांच्या तोंडात कुंभारीण माशी मातीचं घर करते, ते रोज पाहायचं. संध्याकाळी दोन्ही नाकपुड्यांना लाल कापड गुंडाळलेले लाकडी गट्टू बसवायचे, नाहीतर चिमण्या रातोरात संसार थाटतात. इंजिन सुरू करताना विमानाचं तोंड वाऱ्याकडं. जमिनीवर उगाच घुर्रर्र करत उभं राहायचं नाही. चढताना नाक खाली ठेवून सावकाश चढायचं, म्हणजे वारा जास्त मिळतो. उतरल्यावर इंजिन बंद झालं की मी ओलं बोट एकेका सिलिंडरला टेकवायचो. चारही सारखे चुरचुरले तर ठीक. सिलिंडरचा ताप दाखवणारं घड्याळ त्या विमानात नव्हतं. माझं बोट हेच घड्याळ.

माझा स्वभाव तापट आहे, तेव्हा तर फारच होता. विमान पाहायला आलेल्या एका पाटलानं आपला पटका काढून नाकपुडीच्या कडेवर ठेवला, तर मी त्याला सगळ्या गावादेखत असा झापला की त्यानं पुढं कधी माळावर पाऊल टाकलं नाही. कॅप्टनसाहेब, म्हणजे आमचे वैमानिक, हसत बसले. ते पुण्याकडचे, तिशीतले, एकटे. "मिस्त्री, तुम्ही आहात म्हणून मी इंजिनाकडे बघतसुद्धा नाही," असं ते कुणालाही सांगायचे. मला ते ऐकायला आवडायचं.

माळाच्या कडेला पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत साहेब, एकीत मी आणि बायको. भाकरी साहेबांनाही आमच्याकडचीच.

बायकोबद्दल सांगायला पाहिजे. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि घरात पाळणा हलला नव्हता. आमच्याकडं ओटी भरायला लेकुरवाळी बाई लागते. कुणाच्या डोहाळजेवणाला तिला बोलावणं यायचं, हळदीकुंकू लागायचं, पण तांदूळ-नारळाचं ताट पुढं आलं की कुणी तरी म्हणायचं, "तू राहू दे गं." ती राहू द्यायची. तिच्या ट्रंकेत तळाला एक हिरवा खण होता, लाल काठाचा. तिच्या आईनं लग्नात दिलेला, पहिल्या ओटीसाठी. तो बारा वर्षं तसाच घडी घातलेला होता. मी त्याच्याबद्दल कधी बोललो नाही, तीही बोलली नाही.

त्या वर्षी खंडेनवमीला मी सगळे पाने, हातोड्या, तुराटीच्या काड्यासुद्धा पोत्यावर मांडून पूजा केली. हत्याराची पूजा झाली की त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, ही आमची रीत. पंख्याला झेंडूचा हार घातला. बायको ताट घेऊन आली आणि जरा लांबच उभी राहिली.

"अवो, इमानाची ओटी भरू का?"

मी तोंड उघडलं होतं. नाकपुडीत काडी गेली तरी पेटणारा माणूस मी. पण साहेब मागून म्हणाले, "भरू द्या की मिस्त्री. रोज एवढं ओझं घेऊन उडते बिचारी. माहेरवाशीणच आहे."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "भर. पण सकाळी मी समदं काढणार."

तिनं डाव्या नाकपुडीला हळदकुंकू लावलं, आत तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खारीक आणि वर एक पिवळा खण ठेवला. एवढ्यात औषधाचे पिंप घेऊन लॉरी आली आणि मी तिकडं गेलो. परतलो तेव्हा उजव्या नाकपुडीलाही हळदकुंकू होतं आणि नारळाची शेंडी बाहेर दिसत होती. ती म्हणाली, "दोन हायत, मग दोनी भराव्या लागत्यात." तिचा चेहरा मी तसा पूर्वी पाहिला नव्हता. मला बरं वाटलं, हे सरळ सांगतो.

भरलेली ओटी त्याच दिवशी काढत नाहीत. म्हणून गट्टूही बसवले नाहीत, वरून धोतर टाकून झाकलं.

दसऱ्याला पहाटे फटफटायच्या आत उठलो. पाकोळीला सणवार नसतो, सूर्य वर यायच्या आत तीन फेऱ्या व्हायच्या होत्या. बॅटरीच्या उजेडात मी ओटी काढली. दोन नारळ. सुपाऱ्या दोन, हळकुंडं दोन, खारका दोन. तांदूळ कुंच्यानं झाडून घेतले. आत एखादी सुपारी राहिली आणि कशात अडकली तर काय, या भीतीनं मी कठीण तेवढं दोनदोनदा मोजलं. पिवळा खण डाव्या बाजूला मिळाला, तो टोपलीत ठेवला. ओटीत खण एकच असतो, तो मिळाला होता. उजवीकडं दुसरा असेल हे माझ्या डोक्यात आलं नाही. पत्र्याचा आडोसा उचलून मागच्या सिलिंडरापर्यंत बॅटरी मारायला दोन मिनिटं लागली असती. रोज मारायचो. त्या दिवशी पूर्वेला उजाडत होतं आणि साहेब हातमोजे घालून उभे होते. विमान तपासलं, उडायला ठीक आहे, अशी मी वहीत सही केली.

विमान सुरू झालं, आवाज स्वच्छ होता. जमिनीवर चार-पाच मिनिटांत काही कळत नाही. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. मध्ये टाकी भरताना आम्ही इंजिन बंद करत नसू, म्हणून बोट टेकवायचं राहिलं. साहेबांनी अंगठा वर करून दाखवला आणि तिसऱ्या फेरीला गेले.

बायको आंघोळ करून आली, टोपलीपाशी बसली. देवीला न्यायचं सामान वेगळं काढू लागली.

"दुसरा खण कुठं हाय?"

"कसला दुसरा?"

"माजा हिरवा. उजवीकडं घातला व्हता. वाऱ्यानं उडू न्हाय म्हून लई आत सारला व्हता."

मी लाल निशाण घेऊन पळालो. माळाच्या टोकाला पोचेपर्यंत निशाण हलवत होतो, पण विमान नदीकडं वळलेलं होतं आणि साहेबांची पाठ माझ्याकडं होती. मग आवाज बदलला. आधी खोकला, मग ठोका, मग निव्वळ वारा. मला आठवतं, मी तेव्हा निशाण नीट गुंडाळलं. का गुंडाळलं ते माहीत नाही.

साहेब नांगरलेल्या रानात उतरले होते. उतरले चांगले, पण बांधाला चाक धडकलं आणि विमान नाकावर उभं राहिलं. साहेबांचा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. शेतकऱ्यांनी त्यांना बैलगाडीत घातलं, सडकेपर्यंत नेलं, तिथून मोटारीनं धाराशिवच्या दवाखान्यात. मी राखणीला थांबलो. सगळे गेल्यावर इंजिनाचं झाकण उघडलं. उजवीकडच्या मागच्या सिलिंडरावर, आडोशाच्या खाली, हिरवा खण चिकटलेला होता. पंख्याच्या वाऱ्यानं त्याला पाकळ्यांवर दाबून बसवलं होतं. मी तो सोडवला. त्यावर पाकळ्यांच्या रेघा उमटल्या होत्या, एकाखाली एक, तपकिरी, इस्त्रीनं जाळल्यासारख्या. मी तो घडी करून सदऱ्याच्या आत घातला. विचार केला, ठरवलं, असं काही झालं नाही. हात गेला आणि खण आत गेला.

मुंबईहून चौकशीचे साहेब आले. त्यांनी सिलिंडर उतरवून घेतला, जळका पिस्टन पाहिला. हवेच्या वाटेत काही होतं का, असं विचारलं. काही नव्हतं म्हणालो. मग एकच सिलिंडर एवढा का तापला? मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण खाई त्याला खवखवे. मी म्हणालो, "तिसऱ्या फेरीला चढ जरा उभा घेतला आसंल, साहेब." त्यांनी ते लिहून घेतलं.

त्या एका वाक्यावर सगळं ठरणार होतं. पाय सहा महिन्यांत बरा होईल, उडता येईल, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. प्रश्न परवान्याचा होता. कसूर इंजिनाची ठरली तर साहेब पुन्हा उडणार, कसूर त्यांची ठरली तर नाही. आणि त्यांना दुसरं काही येत नव्हतं, शिकायचंही नव्हतं.

मी दवाखान्यात गेलो. ते पाय वर बांधून पडले होते. "मिस्त्री, मी चढ उभा घेतला नव्हता," ते म्हणाले. "नाक खालीच होतं. तुम्ही शिकवलंत तसंच. खरं सांगा, आत काही अडकलेलं मिळालं का?"

"न्हाय साहेब," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला त्यांनी. मी त्यांच्यासाठी नेलेली दशम्यांची पुरचुंडी उशाशी ठेवली आणि पायी माळावर आलो.

खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं हे मला ठाऊक होतं. माझी सही होती, नोकरी गेली असती. पण ते एक वेळ चाललं असतं, विहिरीवरची इंजिनं होतीच. खण कुणाचा, हा पुढचा प्रश्न आला असता. वांझेनं ओटी भरली आणि माणूस पडला, असं तेरपासून तुळजापुरापर्यंत झालं असतं. मी बायकोला वाचवलं, असं मी स्वतःला वर्षभर सांगितलं. सही मात्र तिची नव्हती.

घरी तिनं विचारलं, "खण घावला का?"

"न्हाय. माळावर उडून गेला आसंल."

ती तो शोधायला लागली. दोन दिवस बाभळीच्या काट्याकुट्यांत, बांधावर, ओढ्यात. मी पाहत होतो. तिसऱ्या दिवशी तिनं शोधणं सोडलं. का सोडलं ते मी विचारलं नाही. खण माझ्या हत्यारांच्या पेटीत होता, तळाला, तुराटीच्या काड्यांखाली.

साहेबांचा परवाना गेल्याचं महिन्या-दोन महिन्यांनी कळलं. कंपनीनं मोडकं विमान लॉरीवर घालून नेलं. आम्ही तुळजापुरात एक खोली घेतली आणि मी पुन्हा विहिरींच्या इंजिनांकडं वळलो. ती पाण्यानं थंड होतात, त्यांच्यात काही अवघड नसतं. त्या वर्षात मला राग आला नाही. गिऱ्हाईक हातोडीनं नट ठोकताना दिसलं तरी मी बघत राहायचो. लोक म्हणायचे, मिस्त्री निवळला. मी निवळलो नव्हतो. माझ्या आत काहीच हलत नव्हतं. बायको आणि मी जेवायचो, बोलायचो, मीठ जास्त झालं, पाऊस कमी झाला. बास.

पुढच्या नवरात्रात साहेब आले. बसनं आले होते, हातात काठी, पाय थोडा ओढत. सोलापुरात पाण्याचे पंप विकणाऱ्या दुकानात कामाला लागलो म्हणाले. देवीचं दर्शन घेऊन, पत्ता विचारत विचारत आमच्याकडं आले होते. खाटेवर बसले, चहा घेतला. पिशवीतून एक नवा खण काढला आणि नारळ.

"वहिनी, हे तुमच्यासाठी. तेवढ्या उंचीवरून इंजिन बंद पडून माणूस वाचत नाही. मी सगळ्यांना सांगतो, त्या माउलीनं आदल्या दिवशी ओटी भरली म्हणून वाचलो."

बायकोनं पदर पुढं केला नाही. ती उभीच राहिली. मग कोपऱ्यात गेली, माझी हत्यारांची पेटी उघडली, वरचे पाने एकेक करून जमिनीवर ठेवले, काड्या बाजूला सारल्या आणि हिरवा खण काढला. तो धुतलेला होता. मी तो धुतला नव्हता.

तिनं तो साहेबांच्या मांडीवर ठेवला.

"ह्यो माजा खण. इंजिनात म्या घातला व्हता. ह्यास्नी घावला, ह्यांनी ठिवला. तिसऱ्या दिशी म्या पेटीत बगितला. ह्ये सांगतील, आज सांगतील, म्हून वरीसभर वाट बगितली."

ती माझ्याकडं बघून बोलली नाही.

साहेबांनी खण उलगडला. तपकिरी रेघा धुऊनही गेल्या नव्हत्या. त्यांनी त्यांच्यावरून बोट फिरवलं, वरून खाली, एक, दोन, तीन. विमानाच्या माणसाला ते काय आहे हे सांगावं लागत नाही. मी वाट पाहत होतो की ते ओरडतील, काठी उचलतील. मला ते बरं वाटलं असतं.

"मिस्त्री," ते म्हणाले, "म्हणजे मी चढ उभा घेतला नव्हता ना?"

"न्हाय साहेब," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. वर्षभर त्यांना स्वतःच्या हातांवर विश्वास ठेवता आला नव्हता, हे मला तेव्हा दिसलं. मग त्यांनी तो जळका खण घडी करून खिशात घातला, काठी घेतली आणि बायकोला हात जोडून निघाले. मला जोडले नाहीत.

तो खण घेऊन ते मुंबईला जातील, असं मला वाटलं. चौकशी पुन्हा होईल, मला बोलावणं येईल. मी धुतलेला सदरा खुंटीला तयार ठेवला होता. बोलावणं आलं नाही. स्वतः होऊन जावं, लिहून द्यावं, हे मला रोज सुचायचं आणि रोज मी एखाद्या विहिरीवर जायचो.

साहेबांनी आणलेला नवा खण बायकोनं ट्रंकेत तळाला ठेवला. पुढं खंडेनवमीला मी पाने पोत्यावर मांडले की ती हळदकुंकवाची वाटी माझ्यापाशी आणून ठेवायची आणि आत जायची. माझ्या हत्यारांना तिनं पुन्हा हात लावला नाही.